हसू आधी की धडा? तेरा शनिवारांच्या ‘वियर्ड अल शो’ची कहाणी

१३ सप्टेंबर १९९७ रोजी शनिवार होता. त्या दिवशी दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर ‘शक्तिमान’ मालिकेचा प्रारंभ झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावी ज्या घरात दूरचित्रवाणी संच होता, त्या घरात शेजारपाजारची मुलेही गोळा होत. केबलची जोडणी सर्वांना परवडणारी नव्हती. छतावरच्या अँटेनाने जे पकडले, ते पाहावयाचे. घरात अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी आणि पडद्यावर हिंदी, अशा तीन भाषांतून ही मुले सहज ये-जा करीत. गिरक्या घेत अवतरणारा हा नायक त्यांना पाहता पाहता आपलासा झाला. पुढे त्याच्या गोष्टीला एक शेपूट जोडले गेले. ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ या नावाच्या त्या छोट्या प्रसंगात एखादे मूल चुकत असे, शक्तिमान त्याला समजावीत असे आणि मूल त्याची क्षमा मागत असे. म्हणजे आधी गोष्ट आणि मग धडा.

योगायोग असा की, त्याच तारखेला अमेरिकेत सीबीएस या वाहिनीवर मुलांचा आणखी एक कार्यक्रम सुरू झाला. त्याचा सूत्रधार पेशाने गायक, हातात अ‍ॅकॉर्डियन, डोक्यावर कुरळ्या केसांचे जंगल आणि अंगात भडक फुलाफुलांचा सदरा, असा होता. त्याचे नाव अल यँकोविक. जगाला तो ‘वियर्ड अल’, म्हणजे तऱ्हेवाईक अल या नावाने परिचित आहे. ‘द वियर्ड अल शो’ हा त्याचा कार्यक्रम मुलांना केवळ हसविण्यासाठी त्याच्या मनात आकाराला आला होता. मात्र त्यात धडा आधी सांगितला जाई आणि गोष्ट नंतर सुरू होई. ‘शक्तिमान’ २००५ पर्यंत चालला आणि त्याचे चारशेहून अधिक भाग झाले. ‘वियर्ड अल शो’चे तेरा शनिवार भरले आणि ६ डिसेंबर १९९७ रोजी त्याच्यावर पडदा पडला.

एकाचे यश आणि दुसऱ्याचे अपयश केवळ धड्याच्या जागेवर ठरले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. एक अद्भुतरम्य साहसकथा होती, दुसरा विनोदी तमाशा. एकाच्या मागे देशव्यापी सरकारी प्रक्षेपण होते, दुसरा अनेक वाहिन्यांच्या स्पर्धेत उभा होता. तरीही मुलांसाठी विनोद करू पाहणाऱ्या कलावंताच्या मानगुटीवर ‘शिकवा’ हा आदेश बसला की काय होते, याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा सापडणे कठीण.

अ‍ॅकॉर्डियनवाला विडंबनकार

अल यँकोविकचा जन्म २३ ऑक्टोबर १९५९ रोजी कॅलिफोर्नियात झाला. संगीतशिक्षणाची जाहिरात करीत दारोदार फिरणारा एक विक्रेता त्यांच्या घरी आला. गिटार शिकायची की अ‍ॅकॉर्डियन, असा पर्याय त्याने ठेवला आणि आईवडिलांनी अ‍ॅकॉर्डियन निवडले. पोल्का संगीतातील त्या काळचा नामवंत अ‍ॅकॉर्डियनवादक फ्रँकी यँकोविक याचे आडनाव तेच होते, नाते मात्र काही नव्हते. अल तेव्हा सात वर्षांचा होत होता. अ‍ॅकॉर्डियन हे आपल्या पेटीचे दूरचे भावंड म्हणता येईल. दोहोंत भात्याच्या हवेने धातूच्या पातळ पट्ट्या कंप पावतात आणि त्यातून स्वर निघतो. पेटी मांडी घालून वाजवायची, अ‍ॅकॉर्डियन छातीशी टांगून. रॉक संगीताच्या ऐन भरात हे वाद्य गळ्यात घेऊन उभे राहणे हाच मुळी एक विनोद होता आणि अलने तो आयुष्यभर पुरविला.

त्याने पदवी घेतली ती वास्तुशास्त्राची. महाविद्यालयात असतानाच, १९७९ मध्ये, एका लोकप्रिय गाण्याचे विडंबन त्याने महाविद्यालयीन रेडिओ केंद्रासमोरच्या स्वच्छतागृहात ध्वनिमुद्रित केले. तेथील फरशांमुळे आवाज चांगला घुमत असे. ‘डॉक्टर डिमेंटो’ या नावाने विनोदी गाण्यांचा रेडिओ कार्यक्रम चालविणाऱ्या निवेदकाने त्याला श्रोते मिळवून दिले. १९८४ मध्ये मायकेल जॅक्सनच्या ‘बीट इट’चे त्याने केलेले ‘ईट इट’ हे विडंबन गाजले आणि त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ‘मार खाण्यापेक्षा पळ काढ’ सांगणाऱ्या गाण्याचे त्याने ‘ताटातले संपव’ असे दटावणारे गाणे केले. आईने जेवताना केलेली दमदाटी आणि रॉकचा सूर यांची ही गाठ लहान मुलांना लगेच कळत असे. अलचा श्रोतृवर्ग शाळकरी मुलांनी भरलेला असण्याचे कारण येथे आहे.

विडंबन हा प्रकार मराठी वाचकाला नवा नाही. आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’ने तत्कालीन कवितेतील कृत्रिमतेची भरपूर थट्टा केली. मूळ रचनेची चाल, डौल आणि शब्दांची लकब तंतोतंत उचलायची आणि आशय भलताच भरायचा, हे तंत्र दोघांचेही. फरक इतकाच की, अल ज्याचे विडंबन करायचे त्या कलावंताची आधी परवानगी घेतो. कायद्याने ती नेहमी आवश्यक असतेच असे नाही. पण तो आपला शिरस्ता त्याने सोडला नाही. त्यामुळे त्याच्या थट्टेत बोचरेपणा कमी आणि खोडकरपणा अधिक आहे. मुलांचा कार्यक्रम करण्यास असा माणूस योग्य, असे कोणासही वाटावे.

मुलांच्या कार्यक्रमाची कल्पना त्याच्या डोक्यात आधीपासून असावी, असे त्याचा १९८९ मधील ‘यूएचएफ’ हा चित्रपट पाहून वाटते. त्यात अलने डबघाईस आलेल्या एका छोट्या दूरचित्रवाणी केंद्राच्या चालकाची भूमिका केली आहे. तो स्वतः मुलांचा कार्यक्रम सादर करतो आणि सपशेल आपटतो. मग केंद्राचा झाडूवाला कॅमेऱ्यासमोर उभा राहतो, मनाला येईल ते बरळतो, मुलांशी वाट्टेल ते खेळ खेळतो आणि त्या केंद्राला सुगीचे दिवस येतात. झाडूवाल्याची भूमिका मायकेल रिचर्ड्सने केली होती. पुढे ‘साइनफेल्ड’ मालिकेतील क्रेमर म्हणून तो घराघरांत पोहोचला. त्या झाडूवाल्यापाशी मुलांना शिकविण्यासारखे काही नव्हते, आणि मुलांना तो आवडला तो नेमका त्यामुळेच. चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही. ‘बॅटमॅन’ आणि ‘इंडियाना जोन्स’ यांच्या उन्हाळ्यात तो झाकोळला गेला. व्हिडिओ कॅसेटवर मात्र त्याला चाहते मिळाले आणि ते आजही आहेत.

तीन तासांचा दंडक

अलचा कार्यक्रम सीबीएसने ज्या वर्षी घेतला, त्या वर्षाचे महत्त्व समजून घेण्यासाठी थोडे कायद्यात शिरावे लागते.

भारतात आणि अमेरिकेत दूरचित्रवाणी दोन निरनिराळ्या वेषांत आली. आपल्याकडे ती मास्तर होऊन आली. १९७५-७६ मधील ‘साइट’ प्रयोगात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांपर्यंत कार्यक्रम पोहोचविले गेले. सकाळचा वेळ शाळकरी मुलांसाठी राखलेला होता. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण त्या प्रयोगातून निघालेला विचार पुढे पुण्यापर्यंत आला आणि १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ ही संस्था उभी राहिली. शालेय मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम तयार करणे हे तिचे काम. निधीअभावी २०१७ मध्ये ती बंद झाली. अमेरिकेत दूरचित्रवाणी आली ती दुकानदार होऊन. शनिवारची सकाळ हा तिथल्या मुलांचा राखीव वेळ. आईवडील अंथरुणात, मुले संचासमोर आणि पडद्यावर व्यंगपटांमागून व्यंगपट. त्यांच्या मधल्या जागेत खेळणी आणि साखर घातलेले न्याहारीचे पदार्थ विकले जात. अनेक व्यंगपट तर खेळण्यांच्या विक्रीसाठीच काढलेले होते.

या प्रकाराला आळा घालावा म्हणून अमेरिकी काँग्रेसने १९९० मध्ये मुलांच्या दूरचित्रवाणीविषयी कायदा केला. मुलांच्या शैक्षणिक गरजा भागविणारे कार्यक्रम दाखविण्याचे बंधन वाहिन्यांवर आले. किती दाखवावे आणि शैक्षणिक कशाला म्हणावे, हे मात्र मोघम राहिले. परिणाम व्हायचा तोच झाला. वाहिन्यांनी जुनेच व्यंगपट शैक्षणिक ठरवून टाकले. ‘द जेट्सन्स’ या भविष्यकाळात घडणाऱ्या व्यंगपटातून मुलांना एकविसाव्या शतकातील जीवनाची ओळख होते, असा दावा एका केंद्राने केला होता. पळवाट शोधण्यात माणसे किती प्रतिभावान असतात याचा हा पुरावा आजही त्या विषयाच्या चर्चेत दिला जातो.

अखेर १९९६ मध्ये तेथील संदेशवहन आयोगाने नियम कडक केले. प्रत्येक केंद्राने आठवड्यास सरासरी तीन तासांचे खरेखुरे शैक्षणिक कार्यक्रम दाखवावेत. ते नियमित, किमान अर्ध्या तासाचे आणि सकाळी सात ते रात्री दहा या वेळेतील असावेत. कार्यक्रमाचा शैक्षणिक हेतू लेखी नोंदविलेला असावा आणि प्रक्षेपणाच्या आरंभी तो कार्यक्रम शैक्षणिक असल्याचे सांगितले जावे, अशा अटी आल्या. हा दंडक सप्टेंबर १९९७ पासून पाळावयाचा होता. म्हणजे नेमक्या त्याच महिन्यापासून.

सीबीएसने त्या हंगामात शनिवारचे व्यंगपट बाजूस सारून जिवंत नटांच्या कार्यक्रमांची नवी मांडणी केली. विज्ञानाचा ‘बीकमन्स वर्ल्ड’, मुलांचे प्रश्नमंजूषावजा ‘व्हील ऑफ फॉर्च्यून २०००’, गूढकथांचा ‘घोस्टरायटर’ यांच्या पंक्तीत अलचा कार्यक्रम बसविण्यात आला. इतर कार्यक्रमांना शिकविण्यासारखे काहीतरी अंगभूत होते. अलचे काय करायचे? त्याला वाहिनीने जागा दिली ती शिकवण घालण्याच्या अटीवर. गणित, विज्ञान, इतिहास त्याच्या मांडवात बसणारे नव्हते. तेव्हा ‘सामाजिक वर्तनाचे धडे’ ही वाट काढली गेली. दिलेला शब्द पाळावा, वाईट संगतीस बळी पडू नये, अशा स्वरूपाची एकेक शिकवण प्रत्येक भागास वाटून देण्यात आली.

गुहेतले घर

कार्यक्रमातील अल जमिनीच्या पोटात एका गुहेत राहतो. तो तेथे कसा पोहोचला याची लांबलचक, अतर्क्य आणि एका दमात सांगितलेली हकिगत शीर्षकगीतात आहे. गुहेचे घर रंगीत, वेड्यावाकड्या भिंतींचे आणि चित्रविचित्र वस्तूंनी गच्च भरलेले. शेजारपाजारही तसाच. हूडेड अ‍ॅव्हेंजर नावाचा बुरखाधारी, पण डोक्याने बेताचा महाशूर. अलची आडदांड चुलत बहीण कॉर्की. व्हॅल ब्रेंटवूड ही गुप्तहेर. आणि अलचा लाडका हॅम्स्टर ‘हार्वे’. हॅम्स्टर म्हणजे उंदराच्या कुळातला, पाळीव, गुबगुबीत प्राणी. हा हार्वे धाडसी कसरतींसाठी प्रसिद्ध असल्याचे सांगितले जाई. अलने त्याच्यावर १९९३ च्या ध्वनिमुद्रिकेत एक अतिलघु गाणेही केले होते.

अलच्या घरात एक मोठा दूरचित्रवाणी संच आहे. तो वाहिन्या बदलत राहतो आणि पडद्यावर खोट्या जाहिराती, खोटे कार्यक्रम आणि छोटे व्यंगपट येत राहतात. त्यांतील ‘फॅटमॅन’ हा व्यंगपट अलच्याच १९८८ मधील ‘फॅट’ या गाण्याच्या चित्रफितीतील लठ्ठ पात्रावरून घेतलेला. या तुकड्यांत अल सर्वांत मोकळा दिसतो. दूरचित्रवाणीवर वाढलेल्या मुलांना दूरचित्रवाणीचीच नक्कल करून दाखविणे ही त्याची हातखंडा कला, आणि खरे पाहता माध्यमाकडे डोळसपणे पाहण्याचा तो उत्तम धडा होता. जाहिरात कशी फसविते हे एका खोट्या जाहिरातीतून जितके कळते तितके व्याख्यानातून कळत नाही. दुर्दैव असे की, नियमाच्या चौकटीत हा धडा कोणी धडा म्हणून मोजला नाही.

कलावंतांची निवड मात्र चोख होती. सर्व भागांचे दिग्दर्शन पेटन रीड याने केले. २००० मध्ये ‘ब्रिंग इट ऑन’ आणि २०१५ मध्ये ‘अँट-मॅन’ या चित्रपटांमुळे तो पुढे नावारूपास आला. निवेदकाचा आवाज बिली वेस्ट याचा. ‘रेन अँड स्टिंपी’ आणि नंतर ‘फ्यूचरामा’ या व्यंगपटांतील आवाजांमुळे तो ओळखला जातो. पाहुण्यांत त्या वर्षी मुलामुलींना वेड लावणारा तीन भावांचा ‘हॅन्सन’ हा गानवृंद होता, ‘बेअरनेकेड लेडीज’ हा कॅनडातील वृंद होता, विनोदवीर ड्र्यू कॅरी होता.

या सर्वांत लक्षात राहावी अशी उपस्थिती स्टॅन फ्रीबर्ग यांची. १९५० च्या दशकात रेडिओ, ध्वनिमुद्रिका आणि जाहिरात या तिन्ही क्षेत्रांत विडंबनाची ध्वजा त्यांनी उभारली होती. १९४९ मध्ये सुरू झालेल्या ‘टाइम फॉर बीनी’ या मुलांच्या बाहुल्यांच्या कार्यक्रमात त्यांचा हात आणि आवाज होता. अल त्यांना आपल्या गुरुस्थानी मानतो. सत्तरी ओलांडलेल्या फ्रीबर्ग यांना त्याने दिलेली भूमिका कोणती? तर दूरचित्रवाणी वाहिनीच्या साहेबाची. विडंबनकारांच्या कुलगुरूने वाहिनीचा साहेब म्हणून अलच्या गुहेत येऊन दटावावे, ही थट्टा मुलांना कितपत उमगली असेल कोण जाणे. कार्यक्रम करणाऱ्यांना ती चांगलीच उमगत होती.

धडा आधी

कारण पडद्यामागे तेच चालले होते. संहिता वाहिनीकडे जात आणि शिकवण पुरेशी ठळक नाही म्हणून परत येत. शिकवण ठळक केली की विनोद पातळ होई. विनोद घट्ट केला की शिकवण हरवल्याची तक्रार येई. यावर शेवटी जो तोडगा निघाला, तो या कार्यक्रमाच्या इतिहासातील सर्वांत दुर्दैवी गोष्ट ठरला. प्रत्येक भागाच्या आरंभी त्या दिवशीचा धडा अक्षरांत पडद्यावर लिहून येई आणि निवेदक तो मोठ्याने वाचून दाखवी. नियमाने मागितलेला लेखी हेतू जणू कागदावरून उठून थेट मुलांसमोर येऊन उभा राहिला. त्यानंतर शीर्षकगीत आणि गोष्ट.

‘प्रॉमिसेस, प्रॉमिसेस’ नावाच्या भागाचा विचार करा. शब्द पाळावा हे आरंभीच सांगून झाले. आता अल कोणालातरी शब्द देईल, तो मोडेल, फजिती होईल आणि शेवटी त्याला पश्चात्ताप होईल, हे आठ वर्षांच्या मुलालाही कळून चुकते. पुढची बावीस मिनिटे तो केवळ वाट पाहतो. विनोदाचे सारे बळ अनपेक्षिततेत असते, आणि येथे अपेक्षा आधीच पाटीवर लिहून टांगलेली.

शिवाय अलचा स्वभाव या साच्याला साजेसा नव्हता. बोधकथेत चुकणारे पात्र अखेरीस सुधारावे लागते. विदूषक सुधारला तर तो विदूषक राहत नाही. पुढल्या शनिवारी त्याला पुन्हा मूर्खपणा करायचा असतो. सीबीएसवरच १९८६ ते १९९० या काळात चाललेल्या ‘पी-वीज प्लेहाउस’मध्ये पॉल रूबेन्सने असाच एक चिरबालिश विदूषक उभा केला होता. बोलकी खुर्ची, बोलक्या खिडक्या आणि आरडाओरडा यांनी भरलेले ते घर मुलांइतकेच मोठ्यांनाही प्रिय झाले. त्यातही मैत्री, सामावून घेणे, निराळ्या माणसांचा स्वीकार यांची शिकवण होती. पण ती घराच्या हवेत होती, दारावरच्या पाटीवर नव्हती. अलच्या गुहेची पी-वीच्या घराशी तुलना होणे अटळ होते आणि ती झालीही. पी-वीला तीन तासांचा दंडक भोवला नव्हता, हे त्या तुलनेत सोयीस्करपणे विसरले जाते.

प्रेक्षक पुरेसे जमले नाहीत. नाताळाचा भाग कार्यक्रम करणाऱ्यांनी ‘द ऑब्लिगेटरी हॉलिडे एपिसोड’, म्हणजे ‘सक्तीचा सणासुदीचा भाग’ अशा नावाने केला. सक्ती हा शब्द त्यांच्या ओठांवर किती सहज येत होता! दुसरा हंगाम निघाला नाही. सीबीएसची ती संपूर्ण मांडणीही टिकली नाही. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, वाहिनीने शनिवारची सकाळ कॅनडातील नेल्वाना या कंपनीच्या व्यंगपटांकडे सोपविली.

अमळनेरच्या मास्तरांचे उदाहरण

मुलांना शिकविणेच चूक, असा निष्कर्ष यावरून काढणाऱ्यांची कमतरता नाही. तो घाईचा आहे. चोपड्याहून तापी ओलांडली की अमळनेर लागते. तेथील प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे कामही पाहत होते. त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ‘श्यामची आई’ हे पुस्तक आरंभापासून अखेरपर्यंत शिकवणीचेच पुस्तक आहे. तरीही महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी ते स्वखुशीने वाचले. त्याची प्रकरणे ‘रात्र’ या नावाने मांडलेली आहेत. रात्री जमलेल्या मित्रांना श्याम आपल्या आठवणी सांगतो, अशी ती रचना. सांगणाऱ्याचा गळा आधी दाटून येतो. काय घ्यायचे ते ऐकणारा मागाहून घेतो.

त्या पुस्तकावर १९५३ मध्ये चित्रपट निघाला आणि राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्याने मिळविला. दिग्दर्शक होते आचार्य अत्रे, म्हणजे ‘झेंडूची फुले’चेच कर्ते. मराठीतील अव्वल विडंबनकाराच्या हातून मराठीतील सर्वांत हळवा बालचित्रपट घडला, आणि त्याच माणसाने शाळकरी मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ही सिद्ध केली. क्रमिक पुस्तक मुलांना गोड वाटले पाहिजे, हा अत्र्यांचा आग्रह होता. अत्रे स्वतः शिक्षक होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची. वर्गात मुले केव्हा जांभई देतात हे त्यांना ठाऊक होते. सीबीएसच्या संहितांवर शेरे मारणाऱ्या तज्ज्ञांना तो अनुभव किती होता, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

‘शक्तिमान’च्या शेवटच्या शिकवणीलाही एक गंभीर बाजू होती. शक्तिमान वाचवायला येईल या समजुतीने मुले धोकादायक कृत्ये करीत असल्याच्या बातम्या त्या काळात वृत्तपत्रांतून येत होत्या आणि मालिकेवर टीकाही होत होती. नायकाची भूमिका करणारे आणि मालिकेचे कर्ते मुकेश खन्ना यांनी पडद्यावरूनच मुलांना असे न करण्याविषयी बजावले. ज्याच्यावर मुलांचा विश्वास बसला आहे त्याने, विश्वास बसल्यानंतर केलेली ती सूचना होती. तिचा सूर भाबडा वाटला तरी ती ऐकली जाण्याची शक्यता अधिक होती. अलवर विश्वास बसण्याआधीच निवेदकाचा आवाज मध्ये येत असे.

मराठीत संगीतकाराने मुलांचा कार्यक्रम हाती घेण्याचे जवळचे उदाहरण म्हणजे ‘झी मराठी’वरील ‘मधली सुट्टी’. सलील कुलकर्णी शाळांतून जाऊन मुलांशी गप्पा मारीत, त्यांना बोलते करीत. ‘अग्गोबाई ढग्गोबाई’मधील बालगीतांमुळे मुलांना त्यांचा सूर आधीच परिचित होता. तो विनोदी नाट्याचा कार्यक्रम नव्हे, त्यामुळे तुलना फार ताणता येत नाही. पण तास संपल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या वेळाचे नाव त्याने घेतले होते, तासाचे नव्हे, एवढे मात्र नमूद करण्याजोगे.

नंतर

अमेरिकेतील तीन तासांचा दंडक पुढे दोन दशकांहून अधिक काळ टिकला. त्याच्या छायेत चांगले कार्यक्रम निघाले तसेच नियमापुरते उरकलेलेही निघाले. मुले दरम्यान केबलकडे आणि नंतर इंटरनेटकडे वळली. २०१४ मध्ये ‘सीडब्ल्यू’ या वाहिनीने शनिवार सकाळचे व्यंगपट थांबविले, तेव्हा तेथील वृत्तपत्रांनी एका परंपरेचा अंत झाल्याची नोंद केली. २०१९ मध्ये आयोगाने नियम बरेच सैल केले.

अलला या अपयशाने फारसे खाली बसविले नाही. त्याने मिशी काढली, डोळ्यांवर शस्त्रक्रिया करून चष्मा टाकला आणि १९९९ मध्ये ‘रनिंग विथ सिझर्स’ हा नवा संग्रह काढला. बंद पडलेल्या कार्यक्रमाचे शीर्षकगीत त्याने त्यात घातले आहे. कार्यक्रम न पाहिलेल्या लाखोंनी ते गीत ऐकले असेल. २०१४ मध्ये त्याचा ‘मँडेटरी फन’ हा संग्रह अमेरिकी विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर दाखल झाला. ‘सक्तीची मौज’ असे त्या नावाचे मराठी करता येईल.

मुलांच्या दूरचित्रवाणीकडेही तो परतला. डिस्नेच्या ‘मायलो मर्फीज लॉ’ या २०१६ ते २०१९ या काळातील व्यंगमालिकेतील मायलो हा मुलगा त्याच्या आवाजात बोलतो. जे बिघडू शकते ते या मुलाच्या भोवती हमखास बिघडते. तो पाठीवर सर्व अडचणींना पुरेल अशी पिशवी घेऊन हसतमुखाने शाळेला निघतो. संकटात धीर धरावा, मित्रांना सांभाळून घ्यावे, हे त्यात ठासून भरलेले आहे. मात्र पडद्यावर ते कोणी लिहून दाखवीत नाही.

‘वियर्ड अल शो’चे तेराही भाग ऑगस्ट २००६ मध्ये डीव्हीडीवर आले. त्यांना अलने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भाष्याची जोड दिली आहे. दृश्य चालू असताना बाजूला बसून ते आठवणी सांगतात: कोणता विनोद कापला गेला, कोणते वाक्य वाहिनीच्या आग्रहावरून घातले, कोठे हात टेकले. आरंभीचा लिखित धडा पडद्यावर येतो, निवेदक तो वाचू लागतो, आणि भाष्य करणाऱ्यांची थट्टा तेथूनच सुरू होते.